खंड

चैत्रात दुपारचं वारं सुटलं की आमच्या गच्चीचं दार धाडधाड आपटतं, म्हणून त्याला करेला लावून ठेवलाय. तालमीतला, लाकडी, बुडाला जाडजूड, मुठीशी हाताळून हाताळून काळा गुळगुळीत झालेला. माझ्या चुलत्यांचा, तात्यांचा. जोडीतला दुसरा कुठं गेला देव जाणे. परवा झाडू मारताना तो बाजूला करायला वाकले, तर एका हातानं हलेना. दोन्ही हातांनी उचलला तर खांद्यात कळ आली. तात्या असले दोन पाठीमागून फिरवायचे, आणि फिरवता फिरवता दारातल्या भाजीवालीशी वांग्याच्या भावावरून वादही घालायचे.

माझं माहेर कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतलं. सकाळी तालमीतून तात्यांना न्याहारीला बोलवायची कामगिरी माझ्याकडं. मुलींनी आत जायचं नाही, उंबऱ्यापाशी उभं राहून हाक मारायची. मी मुद्दाम हळू हाक मारायची, म्हणजे जास्त वेळ बघायला मिळायचं. आत अंधार, मारुतीपुढं उदबत्ती आणि त्या लाल मातीचा वास. ताक, हळद, लिंबू, तेल घालून मळलेली ती माती. अजूनही कढीला फोडणी देताना मला मध्येच तालीम आठवते. पोरं ओळीनं जोर मारत असायची. वस्ताद मोजायचे. एखाद्यानं अंग चोरलं की सगळ्यांचं पहिल्यापासून.

पण मी बघायची ते कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या पैलवानांना. ऐन उमेदीत खासबागेत कुस्त्या केलेला माणूस, आता गुडघे गेलेले. रोज यायचे. कधी दोन बैठका मारायचे, कधी नुसतंच फावड्यानं हौद्यातली माती वरखाली करायचे. एखाद्या दिवशी तेवढंही नाही. कट्ट्यावर बसून स्वतःच्या पोटऱ्यांना तेल चोळायचे, मारुतीला नमस्कार करायचे आणि गंगावेशीत डोळ्यांदेखत पिळलेलं म्हशीचं दूध प्यायला निघायचे. पोरं चेष्टेनं विचारायची, "आबा, झाली मेहनत?"

"झाली की!"

यात खोटं काही आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही.

बाकी आमच्या गावाचं माप भलतंच चढं. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभारलं, इथल्या मातीत घाम गाळलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीहून ब्राँझ आणलं. अशा गावात पन्नाशीच्या बाईनं ओट्याला धरून अर्धी बैठक मारली तर ती सांगायची कुणाला? इथं माणूस एकतर पैलवान असतो, नाहीतर मिसळीवर कट मागवून पैलवानांच्या गप्पा मारतो.

त्यात माझी खोड अशी की व्यायाम मी सोळा सोमवारांसारखा धरते. मुहूर्त लागतो. पाडवा, एक तारीख, अगदीच गेला बाजार सोमवार. आणि खंड पडला की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. मंगळवारी पाहुणे आले, रंकाळा तलावावर चालायला जाणं चुकलं, की बुधवार ते रविवार मी नव्या सोमवाराची वाट बघत निवांत बसते. आषाढात झड लागली की थेट दसऱ्यापर्यंत सुट्टी. छत्री उलटी होईल अशा पावसात शालिनी पॅलेससमोरून कोण चालणार?

आमच्या ह्यांचं दुसरंच. रात्री अकराला हॉलमध्ये येरझाऱ्या. काय तर मोबाईलवर दहा हजाराला तीनशे पावलं कमी पडतायत! हा दहा हजारांचा आकडा जपानमधल्या एका कंपनीनं १९६५च्या सुमारास पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं तेव्हा त्याच्या नावात घातलेला. गोल आकडा, कानाला बरा. मुलीनं हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "असूदे, आता सत्तर राहिलीत." आणि सोफ्याला वळसा घालून गेले.

मुलगी असलं बरंच वाचते. लंडनच्या विद्यापीठात म्हणे लोकांच्या सवयी तपासल्या. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागतील, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला, आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही हेही कळलं. मला २५४ ऐकून हायसं वाटलं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं चला म्हणते. पूर्वी त्यात निदान सलग दहा मिनिटं तरी हवीत अशी अट होती, २०२०मध्ये तीही काढून टाकली. म्हणजे जिना धरायचा, महाद्वार रोडवर पार्किंग न मिळाल्यानं झालेली पायपीटही धरायची. कोपऱ्यातल्या आबांना हे कुणी सांगायची गरजच पडली नव्हती.

डॉक्टरीणबाई मात्र गंभीर होत्या. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू तीन ते आठ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर आणखी वेगानं, म्हणाल्या. नुसतं चालून भागणार नाही, आठवड्यातून दोनदा ताकदीचं काहीतरी करा. मी विचारलं, "कधीपासून?" त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं.

काल संध्याकाळी कपाटातून बूट काढले. सासूबाई निवडणं घेऊन बसल्या होत्या.

"कुठं?"

"रंकाळ्याला. चालायला."

"आज? आज आवस हाय."

"असूदे."

त्यांनी क्षणभर माझ्या बुटांकडं बघितलं. "मग येताना कोथमीर घिऊन ये. आणि दोन जुड्या आण, एक हलकी पडती."