तुम्ही विचारलेत म्हणून: नॉर्वेच्या तेलात पैसे घालावेत का?

गेली अठरा वर्षे मी नॉर्वेतल्या स्टाव्हांगरमध्ये राहतो आणि समुद्रतळावर बसवायच्या यंत्रणांच्या खर्चाचे अंदाज बांधणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे सुटीत ठाण्याला गेलो की मावसभाऊ, त्याच्या ऑफिसातले मित्र, इतकेच नव्हे तर निवृत्तीनंतर शेअर बाजारात रमलेले काकासुद्धा मला एकच प्रश्न विचारतात: नॉर्वेचे तेल संपत आले असे म्हणतात, मग तिथल्या कंपन्यांचे शेअर घेण्यात काही अर्थ आहे का?

‘संपत आले’ हे अर्धेच खरे आहे. एकोफिस्क हे नॉर्वेचे पहिले मोठे क्षेत्र 1969 च्या अखेरीस सापडले, 1971 मध्ये तिथून तेल येऊ लागले आणि आता त्याचा परवाना 2048 पर्यंत वाढवण्यात आला आहे. देशाचे तेल उत्पादन 2001 च्या सुमारास शिखरावर होते आणि आज ते तेव्हाच्या जवळपास निम्मे आहे. मात्र दरम्यानच्या काळात नैसर्गिक वायूचे उत्पादन इतके वाढले की रशियाचा पुरवठा आटल्यावर युरोपीय संघाला सर्वांत जास्त वायू देणारा देश नॉर्वेच ठरला. सरकारी अंदाजानुसार मिळण्याजोग्या एकूण साठ्यांपैकी साधारण निम्मे अजून समुद्राखालीच आहेत. अडचण इतकीच की उरलेले निम्मे पहिल्या निम्म्यासारखे नाहीत. ते लहान लहान तुकड्यांत विखुरलेले आहेत आणि जुन्या प्लॅटफॉर्मला वाहिनीने जोडता आले तरच बहुतेकांचा खर्च परवडतो. ज्या दिवशी तो जुना प्लॅटफॉर्म बंद होईल, त्या दिवशी आसपासचे न काढलेले तेलही कागदावरच राहील.

मात्र गुंतवणूकदाराने भूगर्भाच्या आधी कर समजून घ्यावा, असे माझे मत आहे. तेल कंपनीच्या नफ्यावर इथे 78 टक्के कर लागतो, आणि हा आकडा ऐकला की ठाण्यातली मंडळी तिथेच विषय सोडून देतात. आपल्याकडे जमीन वाट्याने कसायला देताना मालकाने पिकाचा मोठा वाटा घ्यायचा, पण बियाणे, खत आणि मजुरी यांचाही तेवढाच भार स्वतः उचलायचा असे ठरले, तर तो करार कसणाऱ्याला जाचक वाटेल का? नॉर्वेच्या सरकारचा व्यवहार बराचसा असाच आहे. कर भरणाऱ्या कंपनीने शंभर क्रोनर (नॉर्वेचे चलन) खर्च केले तर त्यातले जवळपास 78 वजावटीच्या रूपाने सरकारच्या वाट्याला जातात. ज्यांना अजून नफाच होत नाही, अशा नव्या कंपन्यांनाही शोधकार्याच्या खर्चावरील कराची रक्कम रोख परत देण्याची सोय 2005 मध्ये झाली, आणि त्यामुळे लहान कंपन्यांनी जुन्या, मोठ्यांनी नाद सोडलेल्या भागांत पुन्हा विहिरी खोदल्या. 2010 मध्ये लुंडिन या स्वीडिश कंपनीला अशाच एका भागात जे सापडले, ते पुढे योहान स्वेर्द्रुप या नावाने देशाच्या तेलापैकी सुमारे एक तृतीयांश तेल देऊ लागले.

हीच व्यवस्था 2020 मध्ये कशी ताणली गेली, ते मी माझ्या टेबलावरून पाहिले आहे. महासाथीत भाव कोसळल्यावर संसदेने जूनमध्ये तात्पुरती करसवलत मंजूर केली आणि अट अशी घातली की प्रकल्पाचा आराखडा 2022 संपण्यापूर्वी सादर झाला पाहिजे. मुदत येईपर्यंत युक्रेनच्या युद्धामुळे भाव गगनाला भिडले होते, तरीही सवलत कायम होती, आणि साहजिकच त्या डिसेंबरात आराखड्यांची रीघ लागली. आमच्या विभागातल्या कोणीही त्या वर्षी नाताळची तयारी वेळेवर केल्याचे मला आठवत नाही. त्याच लाटेत 115 अब्ज क्रोनरचा इग्द्रासिल प्रकल्प आला, ज्याचे उत्पादन 2027 मध्ये सुरू व्हायचे आहे. 2025 मध्ये या क्षेत्रात अडीचशे अब्ज क्रोनरहून अधिक गुंतवणूक झाली, ती मुख्यतः त्या गर्दीचेच पीक होते. हे प्रकल्प पूर्ण होत जातील तशी गुंतवणूक घसरेल, पण त्या घसरणीचा अर्थ सर्वांसाठी सारखा नाही. आमच्यासारख्या यंत्रसामग्री पुरवणाऱ्यांची कामे आटतील, तर तेल काढणाऱ्या कंपन्यांचा खर्च कमी होऊन लाभांशासाठी हातात पैसा राहील. म्हणजे काही वर्षे लाभांश चांगला दिसेल आणि त्याच वेळी कंपनीचे आयुष्य घटत असेल.

नवे मोठे क्षेत्र सापडेल या आशेने अगदी उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्राकडे पाहणाऱ्यांनी तिथल्या योहान कास्तबर्ग या तेलक्षेत्राचा इतिहास ध्यानात घ्यावा: शोध 2011 चा, उत्पादन 2025 चे. तिथल्या वायूची कथा आणखी अवघड आहे, कारण युरोपकडे जाणारी वाहिनी त्या उत्तरेपर्यंत पोचतच नाही. हामरफेस्टजवळच्या, वायू द्रवरूप करून जहाजाने पाठवणाऱ्या एकमेव प्रकल्पाची क्षमता भरली की नव्या वायूला वाट नाही.

राहिला शेअरचा प्रश्न. एक्विनॉर या तेल कंपनीची 67 टक्के मालकी नॉर्वेच्या सरकारकडे आहे आणि तिचा पसारा अनेक देशांत व पवनऊर्जेतही आहे. निव्वळ नॉर्वेच्या समुद्रावर पैज लावायची तर आकेर बीपी किंवा वोर एनर्जी ही नावे समोर येतात. परदेशी भागधारकाच्या लाभांशातून इथे सर्वसाधारणपणे 25 टक्के कर आधीच कापला जातो, दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारामुळे भारतीयाला तो कमी लागू शकतो, पण त्यासाठी कागदपत्रे स्वतः करावी लागतात. शिवाय चलनाचा फटका वेगळाच. 2014 च्या सुरुवातीला एका क्रोनरला सुमारे दहा रुपये पडत होते, दहा वर्षांनी ते आठच्या आसपास आले. म्हणजे शेअरने जे दिले त्यातले बरेच क्रोनरने परत घेतले.

काकांनी मागच्या दिवाळीत थेट विचारले की तू स्वतः काय केले आहेस. मी त्यांना 2016 च्या जानेवारीबद्दल सांगितले, जेव्हा तेलाचा भाव तीस डॉलरच्याही खाली गेला होता. आमच्या अकरा जणांच्या गटातून चौघांना कंपनीने घरी पाठवले होते, आणि त्याच सुमारास आमच्या गल्लीतली घरे विकली जात नव्हती. माझा पगार, माझे घर आणि माझ्या शेजाऱ्यांचे पगार हे सगळे आधीच एका भावाला बांधलेले आहेत. इथल्या सरकारनेही तेलाच्या उत्पन्नातून उभारलेला आपला निधी संपूर्णपणे देशाबाहेर गुंतवला आहे. म्हणून माझ्याकडे या उद्योगाचे शेअर बचतीच्या विसाव्या हिश्शाहून अधिक नाहीत. काकांचे निवृत्तिवेतन मात्र तेलावर अवलंबून नाही, त्यामुळे त्यांचा हिशेब माझ्याहून निराळा निघू शकतो, हे मी त्यांना कबूल केले, आणि करारातील कमी दरासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी त्यांना लिहून दिली.