खड्डा कुठं घ्यायचा

"तिथं नको खणू बाळा, पावसात पाणी तिथूनच पळतं, रोप टिकायचं नाही."

आज सकाळी डोंगरउतारावर झाडं लावायला गेलेलो, आणि वरच्या वस्तीतल्या एक आजी हे म्हणाल्या. आमच्याकडं नकाशा होता, चुन्याच्या खुणा होत्या, सगळं मापून आखलेलं. आजी चार पावलं बाजूला गेल्या, एका दगडाच्या आडोशाला हात ठेवला, म्हणाल्या इथं लाव, इथं ओल राहते.

मी हातानं माती उकरली, खरंच ओलसर होती!

मग दिवसभर तेच डोक्यात. आम्ही कुणीच त्यांना आधी विचारलं नव्हतं.

पेरूच्या अँडीज पर्वतात कॉन्स्टँटिनो औक्का नावाचे जीवशास्त्रज्ञ झाडं लावायचं हेच काम गावकऱ्यांना सोबत घेऊन करतात, २०२२ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा चॅम्पियन्स ऑफ द अर्थ पुरस्कार मिळाला. तिथं केन्युआ नावाचं स्थानिक झाड आहे, कागदासारखी साल सुटते त्याची, चार हजार मीटरच्या वर थंडीत तग धरतं आणि धुक्यातलं पाणी धरून जमिनीत मुरवतं. गावातली माणसं रोपं पाठीला बांधून वर चढतात, अख्खं गाव मिळून लावतं, कारण खाली येणारं पाणी त्यांचंच असतं ना. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, झाडाच्या जातीइतकंच.

पुढच्या वेळी खुणा करायच्या आधी आजींना घेऊन अख्खा उतार फिरायचा, हे मी ठरवलंय.

तुम्ही झाडं लावता तिथं जागा कोण ठरवतं?