श्रीपाद: चढताना दम जातो, उतरताना गुडघे जातात

"तीन तासांत वर, शाळकरी पोरंही चढतात," असं आम्हाला श्रीलंकेतल्या श्रीपाद शिखराच्या पायथ्याशी, नल्लतन्निया गावातल्या लॉजवर सांगितलं. पोरं चढतात हे खरंच; एक बाबा तर तान्ह्याला खांद्यावर घेऊन आमच्या पुढे गेला. पण ती रात्र पोयाची, म्हणजे पौर्णिमेची होती आणि त्याला लागून शनिवार-रविवार. हे मात्र सांगायचं सगळ्यांनी सोयीस्करपणे टाळलं.

श्रीलंकेत दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेमधल्या वैशाख पौर्णिमेपर्यंत श्रीपादाची यात्रा चालते, आणि त्यातल्या पोयाला पांढऱ्या कपड्यांतली माणसं घरच्या घरं घेऊन येतात. शिखरावरचा पावलाचा ठसा बौद्धांसाठी बुद्धाचा, हिंदूंसाठी शंकराचा आणि मुसलमानांसाठी आदमचा, त्यामुळे गर्दीत सगळेच. शेवटच्या खड्या टप्प्यावर रांग थिजली. दोन पायऱ्या चढायच्या, दहा मिनिटं उभं राहायचं. घामाने भिजलेला शर्ट, वर बोचरा वारा. माझा आठवीतला मुलगा कुडकुडायला लागला आणि सूर्य उगवला तेव्हा आम्ही कठड्याला धरून कुणाच्या तरी पाठीकडे बघत होतो.

तेव्हा पहिली गोष्ट: कॅलेंडर बघून पोया आणि शनिवार-रविवार टाळा. साध्या वारी रात्री दोनला निघालात तर उजाडायच्या आत आरामात वर पोचाल. यात्रेच्या काळात वाटेवर दिवे आणि चहाची दुकानं असतात. बाकीच्या महिन्यांत अंधार, पाऊस आणि जळवा. मुलांना घेऊन तेव्हा जाऊ नका.

शिखर २,२४३ मीटरवर आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. पायथ्यापासूनचा चढ साधारण हजार मीटर, कळसूबाईहून थोडाच जास्त. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला चढण जमते. खरा छळ उतरताना होतो. सुमारे ५,५०० पायऱ्या, एकीची उंची दुसरीला जुळत नाही, आणि आपल्या डोंगरवाटांसारखी पाऊल तिरकं टाकून उतरायची सोय नाही. प्रत्येक पायरीला गुडघ्यावर घण. अर्ध्यावर माझे पाय आपोआप लटपटायला लागले. नवरा उलटा, कठडा धरून उतरत होता, आणि सत्तरीच्या आज्या अनवाणी, शांतपणे आमच्या पुढे निघून जात होत्या. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर सरळ नाही म्हणा. सासूबाई खाली लॉजवरच राहिल्या. आमच्यात तेवढ्या एकट्याच शहाण्या. काठी न्याच. वर घालायला कोरडा शर्ट आणि वाऱ्याचं जाकीट पाठपिशवीत ठेवा, अंगावर घालून चढू नका.

पैशांचं. वाटेच्या सुरुवातीला मनगटाला दोरा बांधून एकाने देणगीची वही पुढे केली. आधीच्या नावांपुढे हजारांचे आकडे. ते बघून दडपू नका. द्यायचे असतील तर मनाला येईल तेवढे द्या आणि पुढे चला. आमच्या व्हॅनवाल्याने मात्र ठरलेल्या भाड्यावर 'रात्रीच्या थांब्याचे' वेगळे मागितले, आणि लटपटत्या पायांनी कोण भांडणार? थांबा, पार्किंग, परतीचा प्रवास, सगळं धरून आकडा आधी कागदावर लिहून घ्या. जवळच्या हॅटन रेल्वे स्टेशनहून यात्रेच्या दिवसांत सरळ बस मिळते. धक्के खात जाते, पण भाडं किरकोळ.

शाकाहाऱ्यांसाठी: पोल सांबोल ही खोबऱ्याची चटणी निरागस दिसते, पण तिच्यात बहुतेकदा उंबलकड, म्हणजे सुकवलेला मासा असतो. विचारूनच खा. हॅटनमध्ये तमिळ शाकाहारी खाणावळी आहेत, तिथे इडली-डोशावर निभावतं.

कँडी, नुवरा एलिया छान, त्यावर सगळे लिहितात. कँडीच्या दळदा मालिगावात, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या मंदिरात, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एवढं लक्षात ठेवा. एल्ला हे डोंगरातलं गाव कॅफेंनी भरलंय. तिथला १९२१चा नऊ कमानींचा रेल्वेपूल बघा आणि निघा.

वरची घंटा जितक्यांदा शिखर चढलात तितके ठोके वाजवायची रीत आहे. लेकीने एक ठोका दिला आणि पुढच्या वर्षी दोन देणार म्हणाली. तिने खुशाल द्यावेत. मी सासूबाईंसोबत खाली बसणार आहे. आणि हो, उतरल्यानंतर दुसऱ्या दिवशी हॉर्टन प्लेन्स या राष्ट्रीय उद्यानातली नऊ-साडेनऊ किलोमीटरची पायी फेरी ठेवू नका. आम्ही ठेवली होती. तिकिटं वाया गेली.