तुम्ही विचारलंत म्हणून: चिंचांपुढचा ‘होय’

इंदुरातल्या कुठल्याही लग्नामुंजीत ‘हे झाडांच्या खात्यात होते’ अशी माझी ओळख करून दिली गेली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे त्या चिंचा हलवायच्या कागदावर सही तुमचीच ना?’ रस्ता का रुंद झाला आणि चिंचांचे पुढे काय झाले, हे विचारणाऱ्याला ठाऊकच असते. त्याला फक्त माझा चेहरा पाहायचा असतो.

होय, सही माझीच होती. परवानगी देणारा मात्र मी नव्हतो. मध्य प्रदेशात शहरांतल्या झाडांसाठी २००१ चा कायदा आहे. त्यानुसार वृक्ष अधिकारी परवानगी देतो आणि बदल्यात नवी झाडे लावण्याची अट घालतो. मी जागेवर जाऊन अहवाल लिहीत असे, एवढेच. हे उत्तर मी कित्येक वर्षे दिले आणि ते खोटे नाही. पण त्या अहवालात झाड ‘प्रत्यारोपणयोग्य’, म्हणजे मुळांसकट उचलून दुसरीकडे लावण्याजोगे, आहे की नाही, असा एक रकाना असे (दवाखान्यातला हा शब्द झाडाला लावण्याची कल्पना कोणाची, देव जाणे), आणि तो माझ्याशिवाय कोणी भरत नसे.

रस्ता रुंद करताना आड येणाऱ्या झाडांच्या रांगेत तीन वड आणि पाच चिंचा होत्या. वडांची मला काळजी नव्हती, कारण वडाची जाड फांदी ओल्या मातीत रोवली तरी मूळ धरते. चिंच सोटमुळावर उभी असते. जुनी, पोक्त चिंच उचलली की ते मूळ तुटणारच, हे मला पक्के ठाऊक होते. तरीही पाचांपुढे मी ‘होय’ लिहिले. ‘नाही’ लिहिले असते तर त्या सरळ करवतीखाली जातील, त्यापेक्षा शंभरात पाच तरी आशा राहू दे, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या वेळच्या मला आज विचारावेसे वाटते, की पाच ठिकाणी ‘नाही’ पाहूनही रस्त्याची आखणी कोणी पुन्हा तपासणार नाही, हे तू कशावरून ठरवलेस? त्याच्याकडे उत्तर नाही. पण तो चुकलाच होता, असेही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

झाड हलवायचे तर खोडाभोवतीचा चर एका दमात खणायचा नसतो. एक बाजू खणून, तिथे बारीक मुळे फुटेपर्यंत काही महिने थांबून, मग दुसरी घ्यायची असते. आम्हाला चार दिवस मिळाले, तेही मे महिन्यात. मुळे कापलीच गेली नाहीत. जेसीबीने ती ओढून तोडली आणि त्यांच्या टोकांना भिजल्या सुंभासारखे धागे लोंबत राहिले. आम्ही शेणमातीचा लेप दिला, ओले बारदान गुंडाळले, फांद्या छाटून नुसती खोडे उरवली आणि शहराबाहेरच्या मुरमाड जागेत ती उभी केली.

माझ्या आत्याचे घर त्या चिंचांसमोर होते. आमटीसाठी तिने जन्मात चिंच विकत घेतली नव्हती, आणि त्या मे महिन्यापासून ती माझ्याशी नीट बोलत नव्हती. श्रावणात तिच्या हट्टाखातर मी तिला त्या जागी नेले. चिंचांच्या तीन बोडक्या खोडांवर तांबूस पालवी फुटली होती. आत्याने ती दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाली, ‘जगल्या रे बाबा. उगीच तुला बोलले.’ मी गप्प राहिलो. मुळे तुटलेले झाडही खोडात साठवलेल्या शिध्यावर एकदा पालवते, आणि शिधा संपला की वाळते. हे सांगायला मला घरी परतेपर्यंतचा सगळा रस्ता होता. दिवाळीनंतर टँकर येईनासा झाला, आणि मी अजूनही टँकरला दोष देतो, जरी ते पाणी ओढून घ्यायला चिंचांना मुळेच उरली नव्हती. होळीच्या आत पाचही वाळल्या. आत्याला कोणीतरी सांगितलेच असणार. तिने विषय काढला नाही. आमटीत तेव्हापासून आमसूल असे.

वड तिन्ही जगले. पाहुण्यांना तेच दाखवतात.

‘पण बदल्यात कितीतरी लावली ना?’ हा दुसरा प्रश्न. १४ जुलै २०२४ ला आपल्याच शहरात, रेवती रेंजच्या टेकडीवर, एका दिवसात १२ लाखांहून अधिक रोपे लागली. त्या लोकांच्या कष्टांना मी हसत नाही. खड्डे मीही खणून घेतले आहेत. मात्र लावलेली रोपे त्याच दिवशी मोजता येतात आणि जगलेली तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, आणि त्या मोजणीचे आमंत्रण मला नोकरीभर कधी आले नाही.

निवृत्तीच्या आधी तसाच आणखी एक कागद टेबलावर आला. दोन चिंचा होत्या. या वेळी मी ‘नाही’ लिहिले आणि आखणी सहा फूट सरकवावी असा शेरा मारला. आखणी सरकली नाही. दोन्ही चिंचा एका सकाळीत कापून झाल्या, आणि त्या कागदावरही सही माझीच आहे.