तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रायव्हरला एवढा पगार?

"खरंच एक लाख सत्तर हजार डॉलर मिळतात? ड्रायव्हरला? हे योग्य आहे का हो?"

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये चार मराठी माणसं जमली की हा प्रश्न येतोच. आरतीनंतर, क्रिकेटच्या मैदानावर, ओक ट्री रोडवर भाजी निवडताना. विचारणारे बहुतेक सॉफ्टवेअरमधले. स्वर चेष्टेचा, पण चेष्टा वरवरची. आता एकदाच सविस्तर सांगून टाकतो.

तो आकडा यूपीएसच्या, म्हणजे मी जिथे गाडी चालवतो त्या पार्सल कंपनीच्या, प्रमुख कॅरल टोमे यांचा. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी गुंतवणूकदारांना सांगितलं की युनियनशी झालेल्या पाच वर्षांच्या कराराच्या शेवटी पूर्णवेळ ड्रायव्हरला वर्षाला सरासरी १,७०,००० डॉलर मिळतील, पगार आणि इतर लाभ धरून. "लाभ धरून" हे शब्द बातमी तुमच्या ग्रुपवर येईपर्यंत गळाले. कराराच्या शेवटी वरचा दर सरासरी तासाला ४९ डॉलर. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, गुणाकार तुम्हीच करा: एक लाख दोन हजारांच्याही आत. बाकीचं ओव्हरटाइम, आरोग्यविमा, पेन्शन. तुमच्यापैकी कोण आपला पगार सांगताना कंपनी भरते तो विमा धरून सांगतो? शिवाय तो वरचा दर गाठायला गाडीवर चार वर्षं काढावी लागतात, आणि गाडी मिळण्याआधी बहुतेकांनी आत पार्टटाइम हमाली केलेली असते. मीही केली.

एवढं ऐकवलं की दुसरा प्रश्न तयारच असतो. "पण अमॅझॉनचा पोरगा हेच काम जवळपास निम्म्यात करतो ना? मग बाजारभाव कुठला खरा?"

तो पोरगा मला रोज भेटतो. आमच्या गाड्या एकाच गल्लीत अडकतात. त्याच्या अंगावरचं जॅकेट अमॅझॉनचं, गाडीवरचं नाव अमॅझॉनचं, कुठल्या दारी कधी जायचं ते सांगणारं ॲपही अमॅझॉनचं. पगार मात्र कुठल्याशा छोट्या कंत्राटदाराकडून. ही व्यवस्था २०१८ पासूनची. फेडेक्स या दुसऱ्या पार्सल कंपनीच्या ग्राउंड सेवेचंही काम कंत्राटदारांमार्फतच चालतं. २०२३ साली कॅलिफोर्नियात पामडेलला एका कंत्राटदाराचे ड्रायव्हर आमच्या टीमस्टर्स युनियनमध्ये आले, कंत्राटदाराने युनियन मान्यही केली. आज त्या कंत्राटदाराचं काम बंद आहे. अमॅझॉन म्हणते, त्याचं कंत्राट संपवायचं आधीच ठरलं होतं. असेल. पण ज्या भावात मालक कोण हेच ठरत नाही, त्याला मी खरा भाव का मानू?

इथपर्यंत मी जोरात असतो. पुढचं मी आरतीनंतर सांगत नाही.

पहाटे चारच्या सुमारास, मी पोचण्याच्या कितीतरी आधी, प्रीलोडवाले गाड्या भरतात. पट्ट्यावरून खोकी येतात, ती ज्या क्रमाने वाटायची त्या क्रमाने फळ्यांवर लावायची. माझी गाडी बरीच वर्षं एक मराठी बाई भरायच्या. जळगावकडच्या, वयाने माझ्या आईपेक्षा थोड्या लहान, मी त्यांना काकू म्हणायचो. नवऱ्याचं छोटं दुकान, विमा नाही, म्हणून त्या या कामाला लागलेल्या. आत पार्टटाइम काम करणाऱ्या अनेकांचं गणित हेच: पगार दुय्यम, विमा मुख्य. काकूंनी गाडी भरली असली की मला खोकं शोधावं लागत नसे. जड खोकी खाली, दाराजवळ. माझा दिवस अर्धा तास आधी संपायचा तो त्यांच्यामुळे.

जून २०२३ मध्ये करारासाठी यूपीएसमधल्या आमच्या युनियनचं मतदान झालं, ९७ टक्क्यांनी संपाच्या बाजूने कौल दिला. फाटकाबाहेर सरावाची निदर्शनं झाली, त्यात काकूही होत्या, स्वेटशर्टवर युनियनचा बिल्ला लावून. पार्टटाइमवाल्यांची घोषणा एकच, सुरुवात तासाला २५ डॉलरपासून. २५ जुलैला तडजोड झाली. आम्हा ड्रायव्हरांना जवळजवळ मागितलं ते मिळालं. कमी दराच्या ड्रायव्हरांची वेगळी पायरी रद्द, सक्तीचा सहावा दिवस बंद, नव्या गाड्यांना एसी. पार्टटाइमला तासाला २१ डॉलर. ज्यांना आधीच तेवढे मिळत होते त्यांना इतरांसारखीच त्या वर्षी पावणेतीन डॉलर वाढ. म्हणजे इतकी वर्षं पट्ट्यावर काढलेल्या काकूंमध्ये आणि काल आलेल्या पोरामध्ये फरक उरला मोजक्या डॉलरांचा.

ऑगस्टमध्ये ही तडजोड मान्य करायची की नाही यावर मतदान सुरू होतं. सकाळी मी गाडीत फळ्या बघत होतो, काकू शेवटची खोकी सरकवत होत्या. त्यांनी विचारलं, "मत दिलंस?"

"दिलं."

"काय दिलंस?"

खोटं बोलता आलं असतं. मत फोनवर दिलेलं, कोण बघतंय? मी म्हटलं, "कराराच्या बाजूने दिलं, काकू."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग हिशेब सांगावा तसं म्हणाल्या, "तुझ्या एका तासात माझे दोन तास बसतात. तू गाडी चालवतोस हे खरं, पण भरते मी. मी विरोधात मत दिलं. तुम्ही लोक दोन आठवडे थांबला असतात तर मिळाले असते पंचवीस."

मी घराचा हप्ता सांगितला. मुलीची कॉलेजची फी सांगितली. यलो या ट्रक कंपनीचं उदाहरण दिलं. तिथेही आमचीच युनियन, कंपनी नुकतीच बुडाली होती, आमचे २२ हजार लोक एका फटक्यात घरी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घराचा हप्ता मलाही आहे रे." मग हातमोजे काढून पुढच्या गाडीकडे गेल्या.

करार ८६.३ टक्क्यांनी मंजूर झाला. माझ्या एका मताने काही फरक पडला नसता, हे मी स्वतःला अनेकदा ऐकवलंय. पटतं, आणि तरीही पुरत नाही. कारण मैदानावर मी तुम्हाला जे ऐकवतो, की तुमचं खोकं कुणीतरी दारी आणतं म्हणून तुमचं घरबसल्या चालतं, अगदी तेच काकू मला ऐकवत होत्या. फक्त मी त्यात तुमच्या जागी होतो.

तरी मत बदललं असतं का? नाही. १९९७ साली यूपीएसचा संप पंधरा दिवसच चालला आणि पार्टटाइमच्या प्रश्नावरच जिंकला, हे मला माहीत आहे. पण मी लालबागच्या घरातला. १९८२ चा संप जाहीर झाला तेव्हा वडिलांनाही कुणीतरी म्हणालं असेल, थोडेच दिवस थांबायचंय. माझ्या घरात संप म्हणजे संपलाच नाही अशी गोष्ट. विशीत मी छाती ठोकून सांगायचो की गिरण्या युनियनने बुडवल्या. आता सांगत नाही, गिरण्यांच्या जमिनीवर काय उभं राहिलं ते सगळ्यांना दिसतंय. पण त्या विशीतल्या पोराचं भय गेलेलं नाही. मतदानाच्या दिवशी फोन माझ्या हातात होता आणि बोट त्याचं होतं, असं म्हटलं तर ती पळवाट होईल. बोट माझंच होतं.

काकूंनी पुढच्या वर्षी काम सोडलं. त्यांना पासष्ट पूर्ण झाली, मेडिकेअर म्हणजे म्हातारपणचा सरकारी आरोग्यविमा मिळाला. आता माझी गाडी एक विद्यार्थी भरतो, आणि मला खोकी शोधावी लागतात.

तुमचा तिसरा प्रश्न राहिला. एवढा पगार मागून तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय का? माहीत नाही. जानेवारी २०२५ मध्ये यूपीएसने जाहीर केलं की अमॅझॉनचा माल निम्म्याहून खाली आणणार. एप्रिलमध्ये २० हजार नोकऱ्या कमी करण्याची आणि ७३ इमारती बंद करण्याची घोषणा झाली. कंपनी म्हणते, त्या मालात नफा नव्हता. तो माल आता कोण वाटतं, ते मी गल्लीत बघतो. आमच्या दरामुळे हे झालं असं तुम्ही म्हणालात तर मी भांडेन, पण आमच्या दराचा काहीच संबंध नाही असं शपथेवर सांगणार नाही.

त्याच वर्षी कंपनीने ड्रायव्हरांना पैसे घेऊन स्वेच्छेने नोकरी सोडण्याची योजना काढली. युनियनने घेऊ नका म्हटलं. मी घरी सगळे झोपल्यावर माहिती वाचून काढली, कागदावर आकडेमोड केली, बायकोला सांगितलं नाही. घेतली नाही. युनियनने सांगितलं म्हणून नव्हे. या वयात, हेच काम, या दरात मला दुसरीकडे कुणी देणार नाही म्हणून. तेव्हा बाजारभाव काय ते मला शिकवू नका, तो मी त्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिला होता. करार ३१ जुलै २०२८ ला संपतो. तोवर मी तो भाव घेणार नाही.