टेबलावर बसण्याआधी

आज पणजीत पोकर टूर्नामेंट. कोल्हापूरहून आदल्या रात्रीच आलो. प्रवासाचा शीण घेऊन टेबलावर बसण्यात अर्थ नसतो. दुपारी फिशथाळी मुद्दाम टाळली, नाहीतर तिसऱ्या लेव्हललाच डुलक्या. पेज, लोणचं, तासभर झोप, मग मिरामारला चक्कर. टूर्नामेंट मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर. तिथला एसी असा की हाडं गोठतात, म्हणून स्वेटर. (गोव्यात स्वेटर! बायको हसतेच.)

डोक्याची तयारी वेगळी. सुरुवातीच्या दोन पत्त्यांत एक्क्यांची जोडी सरासरी २२१ हातांत (म्हणजे डावांत) एकदा येते. ती घेऊन सगळ्या चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) लावल्या तरी राजांची जोडी ५ पैकी साधारण एकदा हरवतेच. हे आधीच गिळून बसायचं. आज नेमकं तेच झालं. चडफडलो नाही. समोरच्यापेक्षा जास्त होत्या म्हणून उरलेल्या चिप्स रचल्या, पाणी प्यायलो, पुढचा हात. शेजारचा गडी मात्र बिअर आणि डीलरला शिव्या. ब्रेकआधीच गार!