फाल्गुनात मान वर करून

मुंबईत वसंत येतच नाही, असं म्हणणारे बहुतेक खाली बघून चालतात. रानफुलं म्हटली की त्यांच्या डोळ्यांपुढे श्रावण-भाद्रपदातला तेरडा येतो. तो पावसाच्या ओलीवर वाढणारा. फाल्गुनात त्याचं बी मातीत पडून असतं. जमिनीवर फुफाटा, पिवळं गवत, फार तर एकदांडी आणि बारमाही घाणेरी. फुलण्याचा सगळा कारभार झाडांकडे, तोही पानं गाळून. पान आड नसलं की फूल लांबून दिसतं, आणि बुलबुल-साळुंक्यांना बोलवायला तेवढं पुरतं.

गोरेगावच्या आरे कॉलनीत हे बघणं सोपं. सकाळी लवकर जावं, पण उजाडल्यावर. बिबट्याचा वावर आहे. पळस, पांगारा आणि काटेसावर रिक्षातून सगळे नुसते ‘लाल’ दिसतात. सावरीखाली उभं राहिलं की फरक कळतो. जाड पाच पाकळ्यांचं अख्खं फूल धप्पकन पडतं, पाकळी पाकळी गळत नाही, आणि बुंध्यावर शंकूच्या आकाराचे काटे. पांगाऱ्यालाही काटे असतात, पण त्याची फुलं अरुंद, बाकदार, फांदीच्या टोकाला दाटीने येणारी. पळस बिनकाट्याचा, भगवी पाकळी चोचीसारखी वळलेली आणि तिच्यामागे काळपट मखमली निदल, म्हणजे फुलाच्या देठाकडची वाटी. रंगपंचमीसाठी पळसाची खाली पडलेलीच फुलं उचलावीत. सावलीत वाळवून दोन मुठी फुलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवली की पिवळा-केशरी रंग उतरतो. चिमूटभर चुन्याने तो गडद होतो. चुना जास्त झाला तर डोळ्यांना झोंबतो, म्हणून चिमूटभरच.

फिकट गुलाबी फुलांनी लगडलेल्या ज्या झाडाशी लोक सेल्फी काढतात, ते गिरिपुष्प. मूळचं अमेरिका खंडातलं. दिसायला गोड, पण त्याच्या बिया आणि साल उंदीर मारायला वापरतात. कुसुमाचं उलट. तो लांबून फुलल्यासारखा वाटतो आणि असते ती कोवळी लाल पालवी.

वर बघताना बाजूच्या झुडपांवरही नजर हवी. सोनेरी-तपकिरी लव असलेल्या वाकड्या शेंगा लोंबताना दिसल्या की वारा त्यांच्याकडून आपल्याकडे येईल असं उभं राहू नये. ती खाजकुइली. वाळलेल्या शेंगेची लव नुसत्या झुळकीने सुटते आणि अंगावर बसली की आग होते. माणूस खाजवतो, आणि तिथेच चुकतं, कारण चोळल्याने केस आणखी आत रुततात. चिकटपट्टी हलकेच लावून उचलावी, मग भरपूर पाण्याने धुवावं. कपडे वेगळे भिजवावेत. लाल-काळ्या गुंजाही याच दिवसांत उघड्या शेंगांतून चमकतात. पोरांच्या हातात अजिबात देऊ नयेत, चावून फुटलेली गुंज जिवावर बेतते.

तबेल्यांची वेळ दुपारची. ही वसाहत १९४९ साली वसली, ती शहरभरचे गोठे एका जागी हलवायला. शिंगं गच्च वळलेली ती मुऱ्हा. कपाळ भलं मोठं आणि शिंगं खाली झुकलेली ती जाफराबादी. म्हशीची कातडी काळी, त्यात घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी. त्यामुळे उन्हं वाढली की ती वैरण कमी खाते आणि दूध आटतं. भय्ये नळीने पाणी मारतात ते लाडाने नाही, हिशेबाने. पायांपाशी घुटमळणारे गायबगळे चैत्रात बघावेत. पांढऱ्याशुभ्र डोक्या-मानेवर केशरी पिसं येऊ लागतात.

राहिलं खाणं. आरेला लागूनच्या संजय गांधी नॅशनल पार्कात काही तोडायचं नाही, आणि तशी गरजही नसते. स्टेशनबाहेर पाड्यांवरच्या बायका टोपल्या घेऊन बसतात. शेवग्याची फुलं घ्यावीत ती कळ्यांसकट, ताजी. झटकून मुंग्या काढाव्यात, मिठाच्या गरम पाण्यात दोन मिनिटं बुडवून पिळावीत. नाहीतर भाजी कडवट लागते. मग कांदा, हिरवी मिरची, ओलं खोबरं. विलायती चिंचेचा आकडा लालसर होऊन फुटला असेल तरच घ्यावा, हिरव्याने घसा धरतो.

भोकरं चैत्राच्या शेवटी येतात. लोणच्याला हिरवी, टणक हवीत. पिवळट झाली की गर पातळ आणि चिकट होतो. बत्त्याने हलकं ठेचावं, बोट कोरड्या मिठात बुडवून बी काढावी आणि प्रत्येक भोकराला बोट पुन्हा मिठात. मीठ चिकट गर धरून ठेवतं, म्हणून बी सुटते. ओल्या हाताने करायला गेलात तर बी, बोट आणि भोकर एकमेकांना सोडत नाहीत.